वेचणीवाल्या बायांना आम्ही सांगायला गेलो

घरात कापूस भरून ठेवला की काय होतं, ते आमच्या मोताळ्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. भाव चढेल म्हणून आधी खोली भरायची. खोली पुरली नाही की ओसरी. मग घरातली माणसं त्याच ढिगाच्या कडेला अंग टाकतात आणि खाजवत बसतात. किस्स्यांचं अगदी तसंच आहे बघा! एक आला, कोपऱ्यात टाकला. दुसरा आला, त्याच्यावर टाकला. आता घर भरलं, आणि खाज काही जात नाही.

माझ्या घरातला हा ढीग एका कार्यक्रमाचा आहे. एड्सच्या. नाक मुरडू नका, तेव्हा मीही मुरडलं होतं.

त्याचं असं झालं. बीटीचं बियाणं आलं आणि कपाशीची बोंडं एकदम फुटायला लागली. आधी कसं, आज चार झाडं, उद्या चार, गावच्या बायांना वेचणी उरकायची. आता सगळं वावर एका आठवड्यात पांढरंफेक! बाया कुठून आणायच्या? मग सातपुड्याच्या पलीकडून टोळ्या यायला लागल्या. गावाबाहेर ताडपत्रीच्या झोपड्या टाकायच्या, हंगामभर वेचायचं, होळीच्या आधी परत जायचं. बरोबर नवरे, लेकरं, कोंबड्यासुद्धा.

या बायांना एड्सपासून वाचवायचं म्हणून एक संस्था आली, आणि संस्थेकडून केतन सर आले. पुण्याचे. सडपातळ, मनानं चांगले, उन्हानं लगेच लाल होणारे. त्यांनी गावातून दोघींना धरलं. एक मी, गयाबाई, जन्मभर वेचणी केलेली. दुसरी जैतूनबी मन्यारीण, बांगड्यांची पेटी घेऊन गावोगाव फिरणारी.

मला सर म्हणाले, "आजी, तुम्ही या भागातल्या जाणत्या आहात."

मी म्हटलं, "जाणती कायची? म्हातारी हाये म्हना!"

सरांचं म्हणणं एकच होतं. ज्याला सांगायचं, त्याच्याच रीतीनं सांगायचं. त्याच्या संस्कृतीत शिरायचं. ऐकायला सोन्यासारखं. पण मला रीत ठाऊक वऱ्हाडची, जैतूनबीला तिच्या मोहल्ल्याची, सरांना पुण्याची. सातपुड्यापलीकडची तिघांपैकी कोणालाच नाही. तिघं मिळून आम्ही चौथ्याच्या रीतीनं बोलायला निघालो!

आणि हो, किस्से बरेच असले तरी बाई एकच आहे, गेंदी. त्या टोळीतली. तिला मराठी बऱ्यापैकी समजायचं, म्हणून आमचं सगळं तिच्याच तोंडून बायांकडे जायचं. पुढं तिला स्वतःलाच तपासणी करून घ्यायची होती, आणि ती कोणाला कळू द्यायची नव्हती. एवढंच तिनं आमच्याकडे मागितलं. तिथवर पोचायला आम्हाला दोन हंगाम लागले.

*

पहिली गंमत गाण्याची.

सर म्हणाले, "आजी, गाण्यातून सांगू या. तुमच्याकडे भुलाबाईची गाणी असतात ना?"

आता भुलाबाई कोजागिरीलाच उठून गेली होती, गाण्यांचे दिवस संपले होते. पण म्हटलं, पोरगा इतका पुण्याहून आलाय, नाही कशाला म्हणा! त्या चालीवर मी एक जुळवलं:

सासू धाडे लेकाले, सुरतेच्या गावाले,
लेक आला घराले, रोग आला नावाले!

पुढं बऱ्याच ओळी होत्या. टाळ्या अशा बसल्या, की बायांनी एका बैठकीत गाणं उचललं. दुसऱ्या दिवशी वावरात बघावं तर ओटीत कापूस आणि तोंडात रोग! सरांनी मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद काय सांगू.

संध्याकाळी सगळ्यांना बसवून त्यांनी विचारलं, "या गाण्यातून तुम्हाला काय समजलं?"

गेंदीनं बायांशी त्यांच्या बोलीत विचारविनिमय केला. मग ती उठून उभी राहिली.

"साब, ये बीमारी सास से होती है."

सगळ्या बायांनी माना हलवल्या. टोळीतली सगळ्यांत म्हातारी रेलीबाई तर म्हणाली, "हमको पहलेच मालूम था!"

सर माझ्याकडे बघायला लागले. अहो, भुलाबाईच्या गाण्यात सासू वाईटच असते, त्याला मी काय करू?

मी म्हटलं, "सर, गानं बदला. नाईतर उद्या माही सून मले पानी देनार नाही!"

त्या दिवशी इतकं हसलो आम्ही. गेंदीचा नवरा भुरू मागं वजनकाट्याजवळ उभा होता, तोही हसला. उन्हाळ्यात तो सुरतला कामाला असायचा. सुरतचं नाव गाण्यात आलं की तो दुसरीकडे बघायचा, असं जैतूनबीनं मला पुढं कधीतरी सांगितलं. पुढं, म्हणजे त्याचा काही उपयोग उरला नाही तेव्हा.

*

मग निरोधांचा बॉक्स.

सरांनी झोपड्यांच्या मधोमध बांबूला एक बॉक्स बांधला. कोणी बघत नसताना हात घालायचा आणि घेऊन जायचं, असा नियम. कशासाठी, कसं, हे सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरनं आधी बायांना वेगळं बसवून सगळं समजावलं होतं. मला वाटलं, याला कोण हात लावतंय?

सकाळी भरला, संध्याकाळी रिकामा! पुन्हा भरला, पुन्हा रिकामा. सरांनी पुण्याला फोन लावला. "रिस्पॉन्स जबरदस्त आहे," म्हणाले. मी जैतूनबीला म्हटलं, "बाप्पा, दिसभर वावरात वाकूनबी एवढा दम राह्यते ह्याईले?"

जैतूनबी म्हणाली, "गयाबाई, तुमी फक्त मोजत बसा. मी वावरातून चक्कर मारून येते."

ती गेली आणि पदर तोंडाला लावूनच परत आली. हसू दाबत होती. आम्हाला वावराच्या धुऱ्यावर, बांधावर घेऊन गेली आणि म्हणाली, "हात पाहा त्यांचे."

कपाशीचं बोंड फुटून वाळलं की त्याच्या टरफलाची टोकं सुईसारखी होतात. नखाच्या कडेला टोचतात, बोटं सुजतात, रक्त येतं. आमच्या बाया चिंध्या बांधतात. या बायांनी काय केलं होतं, निरोध राखेत घोळवून त्याचा बुळबुळीतपणा घालवला, कात्रीनं तुकडे केले आणि दहाही बोटांना टोप्या घातल्या. वावरभर बोटं उन्हात चमकत होती!

सर म्हणाले, "अहो, हे कशासाठी आहे ते सिस्टरनं सांगितलं होतं ना?"

रेलीबाई बोंड खुडता खुडता म्हणाली, "मालूम है साब. पर वो काम कभी-कभी का. ये रोज का!"

सर तिथंच धुऱ्यावर बसले.

पण एक सांगते, माणूस चांगला. त्यांनी वर कळवलं, की बायांना बोटांसाठी रबरी मोजे देऊ या, मग निरोध निरोधाच्या कामाला लागतील. वरून उत्तर आलं, की मोजे आपल्या प्रोजेक्टमध्ये बसत नाहीत. मग सरांनी बायांना रागावून नाही, विनवून सांगितलं, की असं करू नका. त्यांनी ऐकलं. त्या दिवसापासून बॉक्स भरलेलाच राहिला. बोटंही फाटायला लागली. दोन्हीकडून गेलं.

*

हंगाम संपत आला तेव्हा सरांनी शेवटची मीटिंग घेतली. त्यात मुख्य गोष्ट होती ती एकनिष्ठेची. नवरा-बायकोनं एकमेकांशीच राहावं. सर मराठीत बोलले, गेंदीनं बायांना सांगितलं, बाया शांत ऐकत होत्या.

मग गेंदी म्हणाली, "साब, एक बात बोलू?"

"बोला ना."

"हम तो एक केच साथ रहते. ये बात मरदों को बोलो. वो देखो, उधर बैठे बिड़ी पी रहे."

सर म्हणाले, "पुरुषांसाठी वेगळा प्रोजेक्ट आहे."

"कब आएगा?"

"पुढच्या वर्षी."

गेंदीनं जरा विचार केला. "तो तब तक हम किसके भरोसे रहें?"

बाया खो खो हसल्या. सर बाटलीतलं पाणी प्यायले. मी म्हटलं, "पोरीनं बराबर जागी धरलं!"

पुढच्या वर्षी मरदांचा प्रोजेक्ट आला नाही.

भुरूही आला नाही.

*

दुसऱ्या हंगामात ट्रकमधून गेंदी उतरली ती एकटीच. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि पोट पुढं आलेलं. पावसाळ्यात भुरू गेला होता.

"क्या हुआ व माय त्याले?" मी विचारलं.

"सूख गया था," ती म्हणाली. एवढंच.

त्या वर्षी कपाशीवर लाल्या आला होता. पानं लाल होतात आणि झाडं उभ्या जागी वाळतात. पहिली वेचणी जेमतेम, दुसरीचा भरवसा नाही. गावात जो तो चिडलेला. टोळीला काम कमी, आणि टोळीचा मुकादम रामसिंग एकेका मालकाच्या दारात उभा राहून काम मागायचा.

आणि नेमकं तेव्हाच आमच्या सरांनी नवी चित्रं आणली!

चित्रांचं आधीचं सांगायला हवं. पहिल्या वर्षी सरांकडे पुण्याहून आलेली चित्रं होती. त्यातली बाई नऊवारी नेसलेली, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, गळ्यात मंगळसूत्र. ती चित्रं बघून गेंदी म्हणाली होती, "अच्छा, ये पटलीण की बीमारी है." पटलीण म्हणजे मालकाची बायको. आपल्याला काही नाही, म्हणून बाया निवांत!

सरांनी ते मनाला लावून घेतलं. वर्षभर मागं लागून त्यांनी नवी चित्रं काढून घेतली. आता चित्रातली बाई अगदी टोळीतली. घेरदार घाघरा, गळ्यात चांदीची हसळी, हनुवटीवर गोंदण, डोक्यावरून लुगडं. चित्रकार काय गुणी असेल हो! बायांनी चित्रं हातोहात फिरवली. "अरे, ये तो मेरे जैसी!" "ये हसळी देख!" सरांचा ऊर भरून आला.

मग रेलीबाईनं पानं उलटायला सुरुवात केली. एका पानावर ती बाई तापानं फणफणलेली. पुढच्या पानावर हाडकुळी. त्याच्या पुढच्यावर रडत बसलेली.

रेलीबाईनं चित्रं खाली ठेवली. "साब, हर पन्ने पे हमीच बीमार? पटलीण को बुखार नहीं आता क्या?"

सर म्हणाले, "अहो, गेल्या वर्षी तुम्हीच..."

इथंच थांबलं असतं तरी चाललं असतं. पण त्यातली दोन चित्रं शाळेच्या भिंतीवर लागली होती, गावानंही शिकावं म्हणून. गावच्या बायांनी येता-जाता ती पाहिली. दुसऱ्या दिवशी सुमनच्या वावरात पाण्याच्या माठाजवळ दोन मग. एक स्टीलचा, घरच्या माणसांना. एक प्लास्टिकचा, वेचणीवाल्यांना.

सुमन माझ्या नात्यातली. मी तिला म्हटलं, "काऊन व? काल परवापर्यंत एकाच मगानं पेत होते ना सगळे?"

"मावशी, मी कायले कोनाले बोलू?" ती म्हणाली. "तुमच्याच सरानं चित्र काढून भितीले लावलं हाये, कोनाले होते म्हून!"



*

मग ती गोष्ट वावरावावरांत पसरली. मालकांनी रामसिंगला गाठलं. "तुया टोळीत कोनी तशी असन तं काढ. नाईतर आमी दुसरी टोळी पाहतो."

रामसिंग वाईट नव्हता. सगळ्या टोळीची पोटं त्याच्या जिभेवर होती. पण घाबरलेला माणूस वाईटापेक्षा वाईट! त्यानं झोपड्यांसमोर उभं राहून सांगितलं, की ज्या बाईचं नाव निघेल तिला तो टोळीतून काढणार. परत जाताना ट्रकमध्येही घेणार नाही. हे बोलताना तो सगळ्यांकडे बघत होता, पण बाया गेंदीकडे बघत होत्या.

सिस्टरनं आम्हाला सांगून ठेवलं होतं, की पोटुशी बाई वेळेत तपासली तर औषध देता येतं, लेकरू वाचू शकतं. म्हणजे गेंदीला तपासणी तर हवीच. पण कळलं तर पोटासकट रस्त्यावर. हे तिला एकटीला गाठून सांगायचं कसं? झोपड्यांत एकटं कोणी नसतंच. ताडपत्रीला कान असतात.

जैतूनबी म्हणाली, "मायावर सोपवा. बाई बांगड्या भरते तवा तिचा हात माया हातात राह्यते. ते पळून जात नाही. कानात काईबी सांगता येते."

युक्ती नामी होती! बाजाराच्या दिवशी वेचणीला सुट्टी. जैतूनबीनं झोपड्यांजवळ पेटी उघडली. एरवी काचेच्या बांगड्या वेचताना फुटतात म्हणून बाया नकोच म्हणायच्या, पण त्या दिवशी सगळ्या जमल्या. एकेकीचा हात धरून, कोपर दाबून, जैतूनबी बांगड्या चढवत होती आणि कानाशी लागून बोलत होती. कोणी लाजत होती, कोणी हसत होती. मी लांबून बघत होते. म्हटलं, आपली मन्यारीण म्हणजे चालताबोलता दवाखाना!

आणि मग मला गेंदी दिसली. लांब, झोपडीच्या बांबूला टेकून बसलेली.

नवरा गेल्यावर तिनं बांगड्या उतरवल्या होत्या. बांगड्यांच्या पेटीजवळ ती येणारच नव्हती. जिच्यासाठी एवढं सगळं मांडलं, तीच तेवढी बाहेर! मी जैतूनबीला खुणेनं दाखवलं. तिच्या हातातल्या बांगड्या तशाच राहिल्या.

"या अल्ला," ती म्हणाली, "हे मले कसं सुचलं नाही?"

जरा वेळानं तिनं पेटी बंद केली आणि ती गेंदीजवळ जाऊन बसली. तिचा हात धरला. गेंदीनं हात मागं ओढला. "नहीं चुड़ीवाली, मेरे को नहीं पहनना."

जैतूनबी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नोको घालू व माय! माप तर घिऊ दे. माप घ्यायले कोनाची मनाई हाये?"

ती पाचही बोटं चेपत, मनगट दाबत बसली. खूप वेळ. एवढ्या वेळात दोन टोळ्यांच्या बांगड्या भरून झाल्या असत्या! गेंदी खाली मान घालून ऐकत होती. मग तिच्या तोंडातून काहीतरी निघालं.

परत येताना जैतूनबी मला म्हणाली, "हाव म्हने. तपासाले तयार हाये. पण म्हने, चुड़ीवाली, मुकादमले नाव भेटू देजो नोको."

"अन् तू काय म्हटलं?"

"म्हटलं, नाही भेटनार."

"कसं?"

जैतूनबी चालायची थांबली. "तेच तर मी तुमाले इचारून राह्यली, गयाबाई!"

*

शेवटचं सांगायच्या आधी पुढचं सांगून टाकते, म्हणजे तुम्ही मध्येच विचारणार नाही.

तो हंगाम लाल्यानं लवकर आटपला. टोळी ट्रकमध्ये बसून गेली. गेंदीही ट्रकमध्ये होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढच्या वर्षी ती टोळी आली नाही. कोणी म्हणालं गुजरातला गेली, कोणी म्हणालं आता मक्याला जातात. आमचा कार्यक्रमही बंद पडला. सर जाताना माझ्या पाया पडले आणि म्हणाले, "आजी, आपलं कुठं चुकलं?" मी म्हटलं, "बाप्पा, तू निदान इचारतं तरी!" जैतूनबी नंतरच्या एका थंडीत वारली. तिची पेटी तिच्या सुनेकडे आहे, पण सून गावोगाव फिरत नाही. शाळेच्या भिंतीला रंग दिला. सुमनच्या वावरात दोन मग मात्र कितीतरी वर्षं राहिले. कोणाला कशासाठी, ते सगळे विसरले, तरी राहिले!

गेंदीला मुलगा झाला की मुलगी, आणि ते लेकरू कसं आहे, मला ठाऊक नाही. विचारायचं कोणाला? सातपुडा इथून दिसतो. एवढाच त्याचा उपयोग.

*

आता तपासणीचा दिवस.

रक्त तपासणीची व्हॅन शाळेत आली. सकाळी सगळ्यांचं रक्त घेतलं, बायांचं आणि पुरुषांचंही. बाया जरा बिचकत होत्या, तर रामसिंगनं सगळ्यांच्या आधी बाही वर सरकवली. "देखो, कुछ नहीं होता!" सरांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी सांगायचं ठरलं होतं. एकेकीनं शाळेच्या खोलीत जायचं, दार लावायचं, आत सिस्टर एकटी. ती काय सांगेल ते तिचं आणि त्या बाईचं. नावं फुटायची नाहीत, सरांचा शब्द होता.

पण रामसिंग काही कमी नव्हता. त्यानं कुठूनतरी एक बाज आणली आणि बरोबर दारासमोर टाकून त्यावर बसला.

सर धावले. "तुम्ही इथं बसू नका, प्लीज."

"साब, मेरे को अंदर नहीं आना. नाव भी नहीं पूछना." तो मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "बाहर आएगी तो मुँह बोल देगा."

खरंच होतं ते! जिला काही नाही ती हसत बाहेर पडणार. जिला असेल तिचा चेहरा लपणार आहे का? मी जैतूनबीकडे पाहिलं. तिनं माळेचे मणी ओढायला सुरुवात केली होती. व्हरांड्यातल्या सतरंजीवर बाया गोल करून बसल्या होत्या. गेंदी त्यांच्यात. रेलीबाई त्यांच्या बोलीत काहीतरी हळू सांगत होती. मला एक अक्षर समजलं नाही.

पहिली रेलीबाईच आत गेली. दार लागलं. दार उघडलं.

ती रडत बाहेर आली! कपाळावर हात मारत, पदर डोळ्यांना लावून. रामसिंग ताडकन उठला. रेलीबाई त्याची सख्खी मावशी!

दुसरी गेली. तीही रडतच आली. तिसरी हुंदके देत. चौथी, ती नवीन लग्न झालेली पोरगी, इतकी मोठ्यानं रडत आली, की मध्येच तिला हसू फुटलं आणि रेलीबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला. तो धपाटाही सांत्वनासारखा दिसला! पाचवी आली, सहावी आली. सतरंजीवर नुसता आकांत. मयताच्या घरीसुद्धा एवढं एकसुरात रडत नाहीत.

मग गेंदी गेली. माझा जीव कानात आला. आत काही ऐकू येईना. ती बाहेर आली.

ती रडत होती. इतरांइतकीच. ना कमी, ना जास्त. मी डोळे फाडून बघत होते, काही कळेना.

जैतूनबीनं मला कोपर मारलं. "गयाबाई, तिच्याकडं नोको पाहू. तो आपल्याकडं पाहून राह्यला!"

गेंदीच्या मागं उरलेल्याही गेल्या आणि तशाच आल्या. रामसिंग बाजेसमोर येरझाऱ्या घालत होता. "सबको है क्या? सबको?" त्याचा आवाज चिरका झाला होता. बाया पदरात तोंड घालून रडतच होत्या.

तेवढ्यात दारातून सिस्टरनं हाक दिली. "रामसिंग! आता पुरुष. तुम्ही आधी या."

तो थांबला. इकडंतिकडं बघितलं आणि हसला. "मेरे को क्या हुआ? मैं तो बाद में..."

"जा ना," रेलीबाई पदराआडून म्हणाली. "हम गए ना."

बाकीचे पुरुष बघत होते. मग काय करतो! मिशी सारखी करून, गमछा खांद्यावर टाकून तो आत गेला. दार लागलं.

बायांचं रडणं हळूहळू थांबलं. एकीनं नाक पुसलं. लिंबाच्या झाडावरचे कावळे ऐकू यायला लागले. दार लागलेलंच. सर घड्याळ बघायला लागले, मग त्यांनी बघणं सोडून दिलं.

दार उघडलं. रामसिंग बाहेर आला. गमछा डोळ्यांना लावलेला, आणि खांदे हलत होते.

रेलीबाईनं वळून गेंदीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. गेंदीनं मान हलवली, नाही म्हणून. दुसरीला विचारलं. तिनंही नाही म्हटलं. म्हणजे त्याला रडायला कोणीच शिकवलं नव्हतं.

तो बाजेपर्यंत गेला, पण बसला नाही. उन्हात नुसता उभा राहिला.

गेंदी सतरंजीवर जरा सरकली. शेजारची जागा हातानं झटकली.

"बैठ, भाई," ती म्हणाली.